शंका किती वरपर्यंत जाते?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांचा एक आग्रह असे. राज्यकारभार समजून घ्यायचा तर राज्यकर्त्यांची चरित्रं वाचून भागत नाही, त्यांच्या दालनाबाहेरच्या खोलीत कोण बसतं तेही पाहावं लागतं. आजचं व्याख्यान त्या बाहेरच्या खोलीविषयी आहे. खोली मात्र मुंबईची किंवा दिल्लीची नाही. ती वॉशिंग्टनजवळच्या पेंटागॉनमधली, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयातली आहे, आणि काळ राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि त्यांच्यानंतरचे रिचर्ड निक्सन यांचा.

मी मंत्रालयात नोकरी केली, त्यामुळे नस्ती खालून वर जाताना तिचं काय होतं हे मला ठाऊक आहे. कक्ष अधिकारी टिपणीत लिहितो, 'प्रस्तावात मोठी जोखीम आहे.' अवर सचिवाच्या हातून पुढे जाताना त्याचं 'काही प्रमाणात जोखीम संभवते' असं होतं. सचिवांपर्यंत पोचतं तेव्हा वाक्य असतं, 'योग्य ती दक्षता घेऊन प्रस्ताव मान्य करण्यास हरकत नसावी.' वाटेत कोणीही खोटं बोललेलं नसतं. प्रत्येकानं एकेक शब्द मऊ केलेला असतो, एवढंच. रस्त्याच्या किंवा धरणाच्या नस्तीत याची किंमत पैशांत मोजता येते. युद्धाच्या नस्तीत ती माणसांत मोजावी लागते.

असा विषय निघाला की आपल्याला रामशास्त्री प्रभुणे आठवतात. राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सुनावून पुणं सोडणारा न्यायाधीश हा आपला आदर्श आहे, आणि तो असावाच. पण रामशास्त्रींना निकाल द्यायचा होता. सहायकाला टिपणी लिहायची असते. निर्णय त्याचा नसतो, तरी त्याच्या कागदावाचून तो होत नाही. त्याचा प्रश्न म्हणूनच वेगळा आहे.

या प्रश्नाशी झगडलेला एक माणूस तुमच्यापुढे ठेवतो. जॉन मॅकनॉटन. जन्म १९२१ चा. वडिलांचं इलिनॉयमधल्या एका गावात वर्तमानपत्र. दुसऱ्या महायुद्धात नौदलात, नंतर ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर, आणि पुढे हार्वर्डमध्ये कायद्याचे प्राध्यापक. शिकवण्याचा विषय पुराव्याचा कायदा. आपल्याकडच्या वकिलांनाही विगमोर यांच्या पुराव्याविषयीच्या ग्रंथमालेचं नाव परिचित असतं. त्या ग्रंथाच्या आठव्या खंडाची १९६१ ची सुधारित आवृत्ती मॅकनॉटन यांनी तयार केली. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, हे तत्त्व त्याच खंडात येतं. हा तपशील लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या काळात ते संरक्षण खात्यात आले. तिथे आधी खात्याचे मुख्य विधी सल्लागार झाले. १९६३ साली मॉस्कोत अणुचाचणीबंदीच्या करारासाठी गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षेचा विभाग त्यांच्याकडे आला. पद सहायक सचिवाचं. आपल्या हिशेबानं सांगायचं तर संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांचा सर्वांत जवळचा नागरी अधिकारी. व्हिएतनामविषयीच्या टिपण्या याच दालनातून तयार होऊन वर जात.

त्या दालनाला लागूनच, ऑगस्ट १९६४ पासून, एक तरुण विशेष सहायक बसू लागला. त्याचं नाव डॅनियल एल्सबर्ग. कामावर रुजू झाल्याचा त्याचा पहिला दिवस ४ ऑगस्ट १९६४ हा होता. त्या दिवशी उत्तर व्हिएतनामलगतच्या टाँकिनच्या आखातातून तारा येऊ लागल्या. मॅडॉक्स या विनाशिकेवरून कॅप्टन हेरिक कळवत होते की अंधारात शत्रूच्या बोटी टॉर्पेडो सोडताहेत. एकामागून एक तारा, प्रत्येकीत नवा हल्ला. मग वॉशिंग्टनच्या घड्याळात दुपारी दीडच्या सुमाराला त्याच हेरिक यांची वेगळी तार आली. तिचा मथितार्थ असा की सांगितलेल्यांपैकी बरेच हल्ले शंकास्पद वाटतात, खराब हवामानामुळे आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या सोनार यंत्रावरच्या अतिउत्साही माणसामुळे असे भास झाले असावेत, पुढचं काही करण्याआधी सगळं पुन्हा तपासून घ्यावं.

जागेवर हजर असलेल्या अधिकाऱ्याची शंका, तीही लेखी, ऐन वेळेला पेंटागॉनमध्ये पोचली होती. पण एव्हाना प्रतिहल्ल्याची तयारी सुरू झाली होती. नंतर आलेल्या काही संदेशांचा आधार घेऊन शंका बाजूला पडली, आणि त्याच रात्री साडेअकरानंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितलं की उत्तर व्हिएतनामवर विमानं पाठवली आहेत. तीन दिवसांनी अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, ठराव केला. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. राष्ट्राध्यक्षांना आग्नेय आशियात हवं ते करण्याची मुभा मिळाली. त्याआधी काही दिवस उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर अमेरिकेच्या आखणीनुसार गुप्त छापे घातले जात होते, हे मतदान करणाऱ्यांना नीट सांगितलंच गेलं नव्हतं. ४ ऑगस्टचा तो हल्ला झालाच नव्हता, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या इतिहासकाराच्या अहवालात आहे. तो अहवाल २००५ साली खुला झाला. हेरिक यांची शंका पेंटागॉनमध्ये त्याच दुपारी पोचली, देशाला तिची किंमत कळायला चाळीस वर्षं गेली.

आता मार्च १९६५ कडे येऊ. त्या महिन्यात उत्तर व्हिएतनामवर सलग बॉम्बहल्ले सुरू झाले आणि ८ मार्चला दा नांगच्या किनाऱ्यावर अमेरिकी मरीन सैनिक उतरले. २४ मार्चला मॅकनॉटन यांनी मॅकनमारा यांच्यासाठी एक टिपणी केली. या युद्धात अमेरिकेची उद्दिष्टं काय, हे त्यांनी टक्केवारीत मांडलं. ७० टक्के, मानहानीकारक पराभव टाळणं. २० टक्के, दक्षिण व्हिएतनामचा प्रदेश चीनच्या हाती जाऊ न देणं. १० टक्के, तिथल्या लोकांना अधिक चांगलं आणि मुक्त जीवन जगता यावं म्हणून.

हा कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणानं मी थक्क झालो. कुठलाही आडपडदा नाही. पण त्याच दिवसांत सरकारच्या जाहीर भाषणांत जे सांगितलं जात होतं ते मुख्यत्वे शेवटचे १० टक्के होते. बंद दालनात ज्याला दहावा हिस्सा दिला, तोच बाहेर पूर्ण कारण म्हणून उभा केला गेला. ७० टक्क्यांचं खरं कारण, म्हणजे अब्रू, ज्यांची मुलं त्या युद्धावर जाणार होती त्या आईबापांना कोणी सांगितलं नाही.

आणि मॅकनॉटन यांचा स्वतःचा विश्वास? त्यांची १९६६ आणि १९६७ मधली रोजनिशी बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांच्या हाती आली. तिच्यावरून आणि एल्सबर्ग यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून दिसतं की हे युद्ध जिंकता येईल असं त्यांना फारसं वाटत नव्हतं. तरी बॉम्बहल्ल्यांचे टप्पे, कुठे किती दाब द्यायचा, कधी सैल सोडायचं याच्या योजना त्यांच्याच टेबलावर सिद्ध होत राहिल्या. अतिशय हुशार, रेखीव, परिच्छेदांना क्रमांक घातलेल्या योजना. योजना लेखी होऊन वर गेली. शंका बहुतांशी तोंडी राहिली, विश्वासातल्या दोनचार माणसांत फिरली, रात्री रोजनिशीत उतरली. मे १९६७ मध्ये त्यांनी मॅकनमारा यांना लिहिलं की राज्यकर्त्या वर्गाचं डोकं फिरलं आहे अशी भावना देशात खोलवर रुजते आहे. हे वाक्य लिहायला दोन वर्षं उशीर झाला होता.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे, ती इथे सांगून टाकतो. सहायकानं खुर्चीवर राहावं की राजीनामा द्यावा, या वादात आपण त्याची परीक्षा चुकीच्या जागी घेतो. खरी परीक्षा अशी: योजना जितक्या वरपर्यंत गेली, तितक्या वरपर्यंत, तितक्याच स्पष्ट शब्दांत, शंकाही गेली का? गेली असेल तर त्यानं आपलं काम केलं, मग निर्णय काहीही होवो. गेली नसेल, तर त्याचं खासगी अस्वस्थ होणं त्याच्या घरच्यांपुरतं खरं. राज्याच्या दृष्टीनं त्या अस्वस्थतेचा काही उपयोग झाला नाही.

जून १९६७ मध्ये मॅकनमारा यांनी एक विलक्षण आदेश दिला. व्हिएतनामच्या बाबतीत अमेरिकेनं घेतलेल्या निर्णयांचे सगळे कागद गोळा करा आणि इतिहास लिहा. हे काम मॅकनॉटन यांच्याच विभागाकडे आलं. ते पुरं झालेलं पाहायला मात्र ते राहिले नाहीत. नौदल सचिव म्हणून त्यांची निवड झाली होती, पदभार घ्यायचा बाकी होता. १९ जुलै १९६७ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या हेंडरसनव्हिलजवळ प्रवासी विमान आणि एक लहान विमान यांची हवेत टक्कर झाली. ८२ माणसं गेली. त्यांत मॅकनॉटन, त्यांच्या पत्नी आणि अकरा वर्षांचा धाकटा मुलगा होता.

कागद मात्र गोळा होत राहिले. ४७ खंड, सुमारे ७,००० पानं. १९६९ मध्ये काम संपलं, आणि त्याच वर्षी एल्सबर्ग यांनी त्यांच्या प्रती काढायला सुरुवात केली. १३ जून १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या कागदांचं प्रकाशन सुरू झालं. निक्सन सरकारनं छपाई थांबवायचा प्रयत्न केला आणि ३० जूनला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूनं निकाल दिला. ७०, २० आणि १० ची ती टिपणी जगानं तेव्हा वाचली. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कावर ज्यांनी अधिकारवाणीनं लिहिलं, त्यांच्याच हातून तयार झालेला कागद त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी पुरावा म्हणून उभा राहिला.

एल्सबर्ग यांना देशद्रोही म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत. गुप्ततेची शपथ त्यांनी मोडली हे खरंच आहे. पण ते पहिल्या दिवसापासूनचे बंडखोर नव्हते, हे विसरू नये. फेब्रुवारी १९६५ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या बाजूनं मत वळावं म्हणून, व्हिएतकाँग या कम्युनिस्ट गनिमांच्या क्रौर्याचे तपशील रात्रभर जागून त्यांनीच जमवले होते, आणि आयुष्यभर त्यांना त्याची खंत राहिली. वर जाणारा रस्ता बंद आहे अशी खात्री पटल्यावर त्यांनी शंका बाजारात नेली. त्याचे परिणामही भोगले. खटल्यात शंभराहून अधिक वर्षांच्या शिक्षेची टांगती तलवार होती. निक्सन यांच्या माणसांनी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात चोरी केल्याचं उघड झालं, आणि इतर गैरप्रकारांसह ते समोर आल्यावर मे १९७३ मध्ये न्यायाधीशांनी खटलाच काढून टाकला.

मग रस्ता कधी उघडा असतो का? असतो. मॅकनॉटन यांच्या जागी पॉल वॉर्नकी आले. खुर्ची तीच, विभाग तोच, शंकाही तीच. फरक पडला तो वरच्या माणसामुळे. १ मार्च १९६८ ला क्लार्क क्लिफर्ड संरक्षणमंत्री झाले. तेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणाला शत्रूनं केलेला मोठा हल्ला होऊन महिना झाला होता आणि सेनाधिकाऱ्यांनी आणखी २,०६,००० सैनिकांची मागणी केली होती. क्लिफर्ड जॉन्सन यांचे जुने विश्वासू, युद्धाचे समर्थक म्हणून ओळखले जाणारे. मागणी कशी पुरवायची हे ठरवायला त्यांना बसवलं होतं. त्यांनी सेनाप्रमुखांना साधे प्रश्न विचारले. एवढे सैनिक दिले तर पुरतील का? सांगता येत नाही. नसतील तर आणखी किती? सांगता येत नाही. शत्रूही तेवढीच भर घालू शकेल का? घालू शकेल. जिंकण्याची योजना काय? शत्रू थकेपर्यंत लढत राहणं, यापलीकडे योजना नव्हती.

इथे सहायकांची भूमिका पाहा. वॉर्नकी, जनसंपर्काचे गोल्डिंग, संरक्षणमंत्र्यांचे लष्करी सहायक कर्नल रॉबर्ट पर्सली अशी मोजकी मंडळी रोज सकाळी साडेआठला क्लिफर्ड यांच्याबरोबर बसत. त्या बैठकीत शंका उच्चारायला बंदी नव्हती. उलट तीच कामकाजाचा विषय होती. महिनाभरात क्लिफर्ड यांचं मत पालटलं. ३१ मार्चच्या जॉन्सन यांच्या भाषणाचा मसुदा युद्धाविषयी बोलू इच्छितो अशा अर्थाच्या वाक्यानं सुरू होत होता. क्लिफर्ड यांच्या आग्रहानं तिथे शांततेविषयी बोलू इच्छितो असं झालं. त्याच भाषणात उत्तर व्हिएतनामच्या बहुतेक भागावरचे हल्ले थांबले आणि आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असं जॉन्सन यांनी सांगितलं. क्लिफर्ड काही संत नव्हते. पुढे उतारवयात बीसीसीआय बँकेच्या प्रकरणात त्यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं. पण त्या एका महिन्यात त्यांनी हाताखालच्यांना विचारलं, आणि उत्तरं आली ती ऐकून घेतली.

याच कर्नल पर्सली यांची पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. जानेवारी १९६९ मध्ये निक्सन आले. नवे संरक्षणमंत्री मेल्विन लेअर्ड यांनी पर्सली यांना त्याच जागी ठेवलं. मॅकनमारा, क्लिफर्ड, लेअर्ड, असे तीन मंत्री आणि दोन पक्षांची सरकारं या एका अधिकाऱ्यानं पाहिली. व्यवस्था अशी चालायला हवी असंच आपण म्हणू. पण कंबोडियावरच्या गुप्त बॉम्बहल्ल्यांची बातमी मे १९६९ मध्ये छापून आल्यावर बातमी कोणी फोडली हे शोधण्यासाठी व्हाइट हाउसच्या सांगण्यावरून ज्या सतरा जणांचे दूरध्वनी चोरून ऐकले गेले, त्यांत पर्सली यांचाही होता. संरक्षणमंत्र्यांच्या लष्करी सहायकाचा दूरध्वनी, त्याच्याच सर्वोच्च सेनापतीच्या कार्यालयाकडून! शंका घेणारा माणूस म्हणजे फितूर, असं समीकरण एकदा बसलं की असंच होतं.

आणि हे समीकरण उलट दिशेनंही चालतं. याचा पुरावा आपल्या इतिहासाला येऊन भिडतो. डिसेंबर १९७१. बांगलादेशाचं युद्ध, बंगालच्या उपसागराकडे निघालेलं सातवं आरमार. हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच दिवसांत जॅक अँडरसन या पत्रकारानं व्हाइट हाउसमधल्या गुप्त बैठकांची टिपणं छापली आणि पाकिस्तानकडे झुकण्याचा निक्सन यांचा कल जगासमोर आला. त्याबद्दल त्याला पुलित्झर पुरस्कारही मिळाला. बातमी फोडली कोणी, याचा तपास चार्ल्स रॅडफर्ड या नौदलातल्या लघुलेखकापर्यंत पोचला. हा गृहस्थ पूर्वी नवी दिल्लीच्या अमेरिकी वकिलातीत होता. अँडरसनला कागद दिल्याचं त्यानं नाकारलं, पण दुसरंच कबूल केलं. वर्षभर तो निक्सन यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांच्या बॅगेतले आणि जाळायला काढलेल्या कागदांतले दस्तऐवज उचलून त्यांच्या प्रती आपल्या वरिष्ठांमार्फत सेनाप्रमुखांच्या समितीच्या अध्यक्षांकडे, ॲडमिरल मूरर यांच्याकडे पोचवत होता. निक्सन आणि किसिंजर सेनाधिकाऱ्यांना अंधारात ठेवत होते, म्हणून सेनाधिकारी त्यांच्या कार्यालयात हेरगिरी करत होते. निक्सन यांनी प्रकरण दाबलं. मूरर यांचं पद कायम राहिलं, रॅडफर्डची बदली झाली. सरळ रस्ता बंद केला की कागद थांबत नाहीत, ते चोरवाटेनं जातात.

मॅकनमारा यांच्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. १ नोव्हेंबर १९६७ ला त्यांनी जॉन्सन यांना लिहून कळवलं की सध्याच्या वाटेनं यश नाही. महिन्याभरात ते जागतिक बँकेवर जाणार असल्याचं जाहीर झालं. हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं की अखेर त्यांची शंका लेखी झाली आणि सर्वोच्च टेबलावर पोचली. पण त्यानंतर ते गप्प राहिले ते १९९५ पर्यंत, आपलं चुकलं हे कबूल करणारं पुस्तक येईपर्यंत. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाच्या काळ्या भिंतीवर तोवर ५८,००० हून अधिक अमेरिकनांची नावं कोरून झाली होती, आणि व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या कितीतरी पट होती. अलीकडच्या काळातही तिथे अशी पुस्तकं रांगेनं आली आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये मात्र वेगळं घडलं. संरक्षणमंत्री मॅटिस यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना दिलेल्या राजीनाम्यातच मतभेद कुठे आहेत हे लिहिलं, आणि ते पत्र त्याच दिवशी जगानं वाचलं. त्यांचं मत पटो न पटो, ते वेळेवर आलं.

आपल्याकडे काय? नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण कौतुकानं सांगतो. त्यांच्या खासगी सचिवाच्या खुर्चीवर राम प्रधान होते, हे तितक्या वेळा सांगत नाही. १९६५ च्या युद्धात चव्हाण रोजनिशी लिहीत असत. पुढे प्रधान यांनी ती संपादित करून प्रसिद्ध केली. १ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसल्यावर सेनाप्रमुख विमानदल वापरण्याची परवानगी मागायला आले, आणि चव्हाण यांनी ती तिथल्या तिथे दिली. एवढा झटपट निर्णय घेता येतो तो दोन्हीकडचा विश्वास आधीपासून असेल तरच. तीन वर्षांपूर्वी नेमकं तेच हरवलं होतं. बासष्टच्या आधी सेनाधिकाऱ्यांच्या इशाऱ्यांना संरक्षणमंत्र्यांच्या दालनात किंमत उरली नव्हती, आणि त्याची फेड जवानांनी थंडीत, अपुऱ्या कपड्यांनिशी केली.

या सभागृहात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंमुली बसलेली दिसतात. उद्या तुमच्यातले काही बाहेरच्या खोलीत बसतील. तुम्हाला राजीनामा खिशात घेऊन फिरायला कोणी सांगत नाही. मंत्र्यांचा निर्णय मंत्र्यांचा असतो, आणि लोकांनी त्यांना निवडून दिलेलं असतं, याचा मान राखलाच पाहिजे. तुमच्या हातात आहे ती टिपणी. प्रस्ताव ज्या पानावर मांडाल, त्याच पानावर त्याच्या विरुद्धची बाजू लिहा. ती परिशिष्टात ढकलू नका, चहाच्या वेळच्या गप्पांपुरती ठेवू नका. वरच्याचा शेरा प्रतिकूल आला तर आदेश पाळा, पण आपलं वाक्य खोडू नका. आणि कधी काळी तुम्ही आतल्या खोलीत जाल, तेव्हा नस्तीवर सही करण्याआधी कक्ष अधिकाऱ्याची मूळ टिपणी काढून वाचा. सगळ्यात खालचं पान. तिथला शब्द किती मऊ होऊन तुमच्यापर्यंत आला आहे, हे बघायला पाच मिनिटं पुरतात.